हात बाहेर?

“हात बाहेर?” प्रियदर्शनीने विचारलं आणि बटणावर बोट ठेवून ती थांबली.

उत्तर येणार नव्हतं. तिचे जोडीदार साहेबराव निवृत्त होऊन घनसावंगीला गेल्यापासून चाचणीच्या खोलीत ती एकटीच असे. आता झाकण उघडं असलं तर टेबलावर वीजच येत नसे. तरी एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने ‘बाहेर’ म्हटल्यावरच पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, द्यायची, ही दोघांची जुनी रीत तिने सोडली नव्हती.

तिने बटण दाबलं. पडद्यावर ट्रान्झिस्टरमधला प्रवाह टेकडीसारखा गोल चढला, उतरला आणि सपाट झाला.

“चांगलाय की,” मालकांचा मुलगा केदार दारातून म्हणाला. “मंग कारखान्यात भट्टीवर बसवल्यावर का फुटून राह्यले, मॅडम? कारखानावाल्याचा परत फोन आल्ता. कान किटले शिव्या ऐकून.”

“हे नवे ट्रान्झिस्टर फार झटकन चालू होतात.”

“माल खराब, का आपलं मोजणं? आज सांगा. अख्खा लॉट परत करायला काढलाय बाबांनी.”

तो गेला. मोजणं म्हणजे प्रवाह मोजायला तारेभोवती माळेसारखी घातलेली कॉइल. साहेबरावांनी ती हाताने गुंडाळली होती, दोऱ्याचं एक टोक दातांत धरून. तिच्या जागी आणलेला नवा शंट, प्रवाह थेट मोजणारी पट्टी, दिवाळीपासून कपाटात खोक्यातच होता. तो बसवला की कॉइल उतरणार, म्हणून रोज काही ना काही निमित्त निघे.

आज तिने दोन्ही प्रवाहाच्या एकाच वाटेवर जोडले आणि पल्स दिली. कॉइलने तीच टेकडी दाखवली. शंटने सुईसारखं टोक दाखवलं, टेकडीच्या जवळजवळ दुप्पट उंच. एवढा वेगवान बदल कॉइलला पकडताच येत नव्हता, आणि भट्टीवर ट्रान्झिस्टर फुटत होते ते याच टोकाने. हे टोक आधी दिसतं तर ट्रान्झिस्टर जरा सावकाश चालू करायला तिनेच सांगितलं असतं.

तिने साहेबरावांना फोन लावला.

“कोण, ताई? थांबा, मोटर बंद करतो. उसाला पाणी देऊन राह्यलो.”

“साहेबराव, तुमची कॉइल चुकीचं दाखवते आहे.”

पलीकडे हसू फुटलं. “अजून तीच घालून राह्यलात? अहो, जुन्या मालासाठी केल्ती ती! शंट आल्ता ना?”

“आला होता.”

“मंग? फेका जल्दी. उगं संसार केल्यासारखं काय जपून ठेवलं?” मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. “आलो, आलो! ताई, या एकदा इकडं, रस प्यायला.”

फोन बंद झाला.

केदारला तिने कळवलं, माल चांगला आहे, मोजणं माझं चुकलं. मग कॉइल उतरवली. तिच्याखालची तार इतर तारेपेक्षा उजळ निघाली. शंट एकटाच ठेवून तिने झाकण लावलं.

“हात बाहेर?”

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एक बटणावर होता, दुसरा मांडीवर.

“बाहेर,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.