त्रेचाळीस लांब, सतरा रुंद

निकेशला नशीब ही गोष्ट मान्य नव्हती, आणि नशिबालाही निकेशविषयी फारशी आस्था नसावी. त्यामुळे दोघांचे बरे चालले होते. मुलचेऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा हा पंचविशीतला कृषी सहायक दिवसभर किडींचे पंचनामे आणि खतांच्या नोंदी करी, आणि संध्याकाळी, बोलायला कुणी नसल्यामुळे, विश्वाचा विचार करी. त्याचे मत पक्के होते. जगातला प्रत्येक कण आत्ता कुठे आहे आणि कुठल्या दिशेला निघाला आहे हे कळले, तर उद्याचे सगळे आजच सांगता येईल. कोणत्या बांधावर कोणते पाखरू येऊन बसणार आणि काय मनात येऊन उडून जाणार, तेसुद्धा. नशीब म्हणजे अपुऱ्या माहितीला दिलेले आदरार्थी नाव. हे मत त्याने आजवर कुणालाही सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

अशा माणसाच्या हाती शासनाने यादृच्छिक आकड्यांचा तक्ता सोपवावा, ही शासनाची विनोदबुद्धी.

तक्ता पीक कापणी प्रयोगासाठी होता. महसूल मंडळातली बारा शेते निवडायची, प्रत्येकात दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा आयत आखायचा, त्यातले धान कापून, झोडून तोलायचे. बाराही तोलांची सरासरी ‘उंबरठा उत्पादना’च्या खाली गेली, तर मंडळातल्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांना विम्याची भरपाई; वर राहिली, तर कुणालाच नाही. आयत कुठे आखायचा हे माणसाने ठरवायचे नव्हते, कारण माणसाला नातेवाईक असतात. ते तक्ता ठरवी. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून लांबीला अमुक पावले, मग रुंदीला तमुक पावले, आणि तिथे खुंटी.

त्या वर्षी तुडतुड्याने मंडळ जाळले. ही कीड बुंध्याशी बसून रस पिते आणि धान उभ्याउभ्या करपते. पिकू लागलेल्या शेतात गोल, राखाडी डाग पडतात, जणू कुणी चुलीवरची भांडी उतरवून शेतावर टेकवली आणि पुन्हा उचलून नेली. तरीही अकरा प्रयोगांची सरासरी उंबरठ्याच्या किंचित वर लोंबकळत राहिली होती, कारण तक्त्याची खुंटी नेमकी डाग चुकवून बसत होती. निकेशने मांडून पाहिले: बाराव्या आयतात नऊ किलोंच्या आत धान भरले, तर मंडळ तरणार होते. आणि बारावे शेत, त्याच तक्त्याच्या कृपेने, बोडीटोल्याच्या गुणवंतरावांचे निघाले. मंडळातले सर्वांत देखणे धान तिथे उभे होते.

गुणवंतरावांचा अपराध गंभीर होता. निकेशने घेतलेल्या शेतकरी सभांना ते एकटेच येत आणि तो सांगे ते सगळे करत. रोवणी करताना मध्ये पट्टे सोडले, धानाच्या बांधीत साचलेले पाणी वेळेवर काढले, फवारणी बुंध्यावर केली. परिणामी त्यांच्या शेतात मधोमध एक अंगणाएवढा डाग सोडला, तर सगळे सोने होते. गाव त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. “येवढं मन लावून शेती कराची काय गरज होती म्हनतो मी,” असे सरपंच अन्नपूर्णाबाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सर्वांदेखत म्हणाल्या, आणि त्यावर कुणालाच काही गैर वाटले नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी निकेश नोटीस द्यायला गुणवंतरावांकडे गेला. रुखमाबाईंनी चहा टाकला. गुणवंतरावांनी नोटीस दोनदा वाचली.

“साहेब, उद्या खुंटी कुठी ठोकान?”

“ते मी ठरवत नाही, भाऊ. तक्ता ठरवतो.”

“अन् तक्ता कोन ठरवते?”

“कुणीच नाही. तेच तर त्याचं महत्त्व.”

“कोनीच नाई ठरवत,” गुणवंतराव शांतपणे म्हणाले, “मंग छापलं कोनं?”

निकेशच्या हातातली कपबशी थांबली. पाच वर्षे तो ज्या प्रश्नाची वाट पाहत होता, तो एका गोठ्याशेजारी, शेणाच्या वासात, कुणी सहज विचारला होता. लाजाळू माणूस एकदा बोलू लागला की त्याला आवरणे कठीण. गप्प राहण्याची त्याला सवय असते, बोलून थांबण्याची नसते. त्याने पिशवीतून पुस्तिका काढली, नियमाने जी उद्या शेतातच उघडायची होती.

“हे पाहा. तुमच्या शेताला हे पान, हा रकाना. त्रेचाळीस आणि सतरा. हे आकडे माझ्या जन्माआधी छापलेत. म्हणजे खुंटीची जागा तेव्हाच ठरली. तुम्ही रोपांसाठी परे टाकले त्याच्याही आधी, तुडतुडा जन्मायच्याही आधी. यात दैवबिव काही नाही.”

“म्हंजे लिवलेलंच हाय म्हना.”

“लिहिलेलं नाही, भाऊ. छापलेलं.”

“छापलेलं तं चुकते जी,” रुखमाबाई आतून म्हणाल्या. “राशन कारडावर माह्यं वय एकशे बारा छापलं हाय.”

निकेश हसला. परत जाताना रस्त्याच्या कडेची सागाची पाने त्याला त्या दिवशी अधिक मोठी वाटली. कुणीतरी त्याचे ऐकून घेतले होते. आपण काय सांगून बसलो, हे त्या सुखात त्याच्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी बांधांवर ऐंशी माणसे जमली. विमा कंपनीच्या वतीने जुबेर आला होता. तो चंद्रपूरचा, वडील जलालुद्दीन घड्याळे दुरुस्त करत, आणि दिसेल त्या वस्तूचे मागचे झाकण उघडून पाहण्याची खोड मुलाला तिथूनच लागली होती. त्याने फोनवर नैऋत्य कोपऱ्याचा फोटो घेतला. निकेशने पुस्तिका उघडली, पहिल्यांदाच उघडत असल्यासारखी, आणि आकडे मोठ्याने वाचले. “त्रेचाळीस. सतरा.” ऐंशी चेहऱ्यांवर आश्चर्याची एक रेषाही उमटली नाही.

तो चालू लागला. यंत्रासारखे चालायचे, असे त्याने ठरवले होते. आकडा छापील, शेत ठरलेले. मोकळे असे विश्वात आता एकच काही उरले होते, त्याचे पाऊल, आणि तेही त्याला मोकळे सोडायचे नव्हते. उंची पाच फूट तीन इंच, पाऊल बेताचे. धान मांड्यांना घासत होते, त्याचा कोरडा गोड वास येत होता. त्रेचाळिसाव्या पावलाला तो वळला. सतराव्याला थांबला आणि खाली पाहिले.

पायाखाली राखाडी होते. तो त्या एकमेव करपलेल्या डागात उभा होता. त्याने दोरी धरून आयत आखला, तर आयताचे जवळजवळ सगळे अंग डागातच मावले. इथे तीन किलोही भरणार नव्हते. मंडळ तरले होते, आणि तेही कुणाची लबाडी न लागता.

त्याला वाटले, आता आरोळी उठेल. कुणी ओरडले नाही. सगळे त्याच्या पलीकडे पाहत होते. आठ-नऊ मीटरवर, ऐन सोनेरी धानात, एक वर्तुळ होते. चरून चरून भुईसपाट केलेले, मधोमध दावणीच्या खुंट्यांची दोन भोके, आणि ताजे शेण.

जुबेर तिथे चालत गेला. भोकांत बोट घालून आला.

“हे काय हाय, बाई?”

“म्हशी सुटल्या असतीन,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“सुटलेली म्हैस गोल चरते? कंपास पेटी घेऊन आल्ती काय?”

 मागून झाडूचा आवाज आला. झाडू म्हणजे गावातला सर्वांत उंच माणूस. सहा फूट दोन इंच. काल संध्याकाळी गावाने विचारपूर्वक त्याचीच निवड केली होती, बहुधा लांब पायांनी मोजलेले अधिक खात्रीचे असते या समजुतीने.

“मी तं बराबर मोजलं होतं बाई,” तो दुखावल्या सुरात म्हणाला. “त्रेचाळीस अन् सतरा. दोन डाव मोजलं.”

“तू चूप बस ना गा!”

गुणवंतराव आपल्या पायांकडे पाहत होते. गावाने त्यांच्याकडे एवढेच मागितले होते: आकडे, आणि म्हशींना एका रात्रीपुरती परवानगी. आपले सर्वांत भरलेले धान त्यांनी चारले होते, म्हणजे गाव पुन्हा बोलेल. रुखमाबाईंना हे सकाळी शेतात आल्यावर कळले होते. त्या नवऱ्यापासून दोन बांध दूर उभ्या होत्या.

जुबेर आधी खूप हसला. मग त्याने फोन निकेशसमोर धरला. पडद्यावर एक प्रश्न होता: आकडे प्रयोगापूर्वी कुणास ज्ञात होते काय? खाली दोन चौकोन. होय. नाही.

“निकेशभाऊ, काय दाबू? तुमी सांगान ते दाबतो. मले काय, चार वाजताची बस पकडाची हाय.”

निकेशने आयुष्यात पहिल्यांदाच खरीखुरी यदृच्छा पाहिली होती. फुटलेल्या आकड्यांचा, झाडूच्या पायांचा, म्हशींच्या जबड्यांचा खुंटीवर तिळमात्र परिणाम झाला नव्हता. निकाल स्वच्छ होता. ‘नाही’ म्हटले तर शब्द खोटा, पण तोल खरा. ‘होय’ म्हटले तर शब्द खरा, आणि खरा तोल पुसला जाणार. आणि त्याच्या मताप्रमाणे तर त्याचे उत्तरही कधीच ठरलेले होते. त्याने फक्त वाट पाहायची होती. त्याने वाट पाहिली.  लांब बोडीच्या पाण्याकाठी टिटवी ओरडत होती. उत्तर काही आपोआप येईना. जन्मभर बाळगलेले तत्त्वज्ञान ऐन वेळी असे ढिम्म उभे राहिलेले पाहून त्याला त्याचा थोडा रागही आला.

“होय,” तो म्हणाला. “मीच सांगितलं. चहा पिताना.”

नियमात तरतूद होती. रकान्यातली पुढची जोडी घ्यायची: एकसष्ट आणि आठ. तो पुन्हा कोपऱ्यावर गेला आणि पुन्हा तीच बेताची पावले टाकत चालला. यावेळी खुंटी सोन्यात बसली. धान कापले, झोडले, तोलले. एकोणीस किलो चारशे ग्रॅम. मंडळ उंबरठ्याच्या वर गेले आणि त्या वर्षापुरते वरच राहिले.

निकेशने मान खाली घातली आणि शिव्यांची वाट पाहू लागला. त्याही आल्या नाहीत.

“जाऊ द्या साहेब,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तुमी तरी काय करान? नशीबच नाई आपलं.”

काल संध्याकाळी नशिबाला चार पायांचा पर्याय खुंट्याला बांधून ठेवणाऱ्या त्या ऐंशी माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यातल्या एकालाही निकेशचा ‘होय’ आठवत नव्हता. त्यांच्या लेखी तो बोललाच नव्हता. नशीब बोलले होते. शिव्या याहून सोप्या गेल्या असत्या.

माणसे पांगल्यावर गुणवंतराव काट्याजवळ आले. चेहरा पडलेला होता, तो त्यांनी नीट सांभाळला होता.

“एकोनीस ना, साहेब?” ते हळूच म्हणाले. “मंडळात एक नंबर?”

“एक नंबर, भाऊ.”

“हं,” असे म्हणून ते वळले. पाठ मात्र जरा ताठ झाली होती.

“भरपाई म्हशीईले तेवढी भेटली,” रुखमाबाई दोन बांधांवरून म्हणाल्या, आणि विळा उचलून घराकडे निघाल्या.

आठ दिवसांनी निकेशला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. विश्वातल्या प्रत्येक घटनेला कारण असते असे मानणाऱ्या माणसाकडे कुणीतरी अखेर अधिकृतपणे कारणे मागितली होती. त्या संध्याकाळी तो उत्साहाने लिहायला बसला. तुडतुड्याच्या पैदाशीपासून सुरुवात केली. दमट हवा, गुणवंतरावांची एकाकी शेतकी, त्यांचा प्रश्न, स्वतःची खोली, तिच्यातल्या पाच वर्षांच्या संध्याकाळी. चार पाने भरली आणि तो अजून चहाच्या कपापर्यंतही पोहोचला नव्हता.

मग त्याने नोटिशीसोबतचा नमुना पाहिला. उत्तरासाठी दीड ओळ सोडली होती. त्याने चार पाने घडी करून पुस्तिकेत ठेवली आणि त्या दीड ओळीत कचेरीला समजणारा शब्द लिहिला.

‘अनवधानाने घडले.’