पाचव्या गिअरची वाट

मित्रांनो, मी गिअरबॉक्स आहे, आणि मला कुणी जुना म्हटलं तर राग येत नाही. राग येतो तो मला 'अस्सल' म्हटलं की. का, ते सांगतो.

माझा जन्म १९६९ सालचा, इंडियानातल्या मन्सी गावच्या गिअरच्या कारखान्यात. सुयांएवढे बारीक पोलादी रोलर ग्रीसमध्ये एकेक करून चिकटवायचे आणि त्यांच्यावर दातेरी चाक चढवायचं, हे काम बायकांच्या रांगेकडे होतं. माझे रोलर बसवले ते आर्डिथ नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने. काम करताना ती शिट्टी वाजवायची, पण यंत्रांच्या कल्लोळात ती तिची तिलाही ऐकू जात नसे. रांगेच्या टोकाला ऑर्विल उभा असायचा. तो तपासनीस. प्रत्येक गिअरबॉक्स, म्हणजे त्यांच्या बोलीत 'डबा', फिरवून ऐकायचा, मोजायचा, आणि मनास आला नाही की लाल खडूने फुली मारायचा. त्या फुलीपुढे साहेबांचंही काही चालत नसे. पुढे या दोघांचं लग्न झालं. "मलाही याने दोनदा नापास केलं होतं," असं आर्डिथ चारचौघांत सांगायची आणि ऑर्विलचे कान लाल व्हायचे.

त्याच वर्षी आर्डिथने स्वतःच्या पगारातून दोन दरवाजांची हिरवी गाडी घेतली. दणकट इंजिन, आणि त्याच्या पाठीशी मी. "हा माझ्याच हातचा आहे," असं ती पैजेवर सांगायची. "तिथे चाळीस बायका होत्या," ऑर्विल म्हणायचा. तिचंच खरं होतं, पण मला विचारतो कोण?

ती आणि तिची धाकटी बहीण नदीन, दोघींनी मला मनसोक्त पळवलं. शनिवारी शर्यतीच्या मैदानावर, रविवारी तळ्यावर. सिग्नल हिरवा झाला की मी असा झेपावायचो, की शेजारच्या गाडीतली पोरं तोंडात बोट घालायची. पुढे नदीन लग्न होऊन उत्तरेला डलूथला गेली, आर्डिथच्या डोक्यावर चंदेरी केस आले, आणि माझ्या वाट्याला वर्षातून एक जुलैची मिरवणूक उरली. तिथे लोक गुडघे टेकून गाडीखाली बघत. गाडीच्या चौकटीवर ठोकलेला आकडा माझ्याही अंगावर आहे, म्हणजे मी या गाडीचा पहिल्यापासूनचा. "अस्सल! काही बदललेलं नाही!" असं ते म्हणत आणि मी फुगून जाई.

आईच्या अंत्यविधीला दोघी बहिणींत काहीतरी बिनसलं आणि अकरा वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग २०१० च्या सप्टेंबरात आर्डिथचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. बातमी कळताच नदीनचा फोन आला. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला घर सोडता येत नव्हतं. "तूच ये," ती म्हणाली. "जे बोलायचं ते समोर बसून बोलू." आर्डिथने फोन ठेवला आणि ती थेट गॅरेजमध्ये आली. "ऑर्विल, आपण डलूथला जातोय. माझ्या गाडीतून."

डलूथ म्हणजे साडेसहाशे मैल. आता माझी अडचण सांगतो. मला चारच गिअर. मोठ्या रस्त्यावर चौथ्यात गाडी पळवली की इंजिन घसा फाटेपर्यंत ओरडतं. पाचवा गिअर, ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, तो असला की गाडी तेवढीच पळते पण इंजिन निवांत फिरतं. ऑर्विल म्हणाला, "तुझ्या या हृदयाला अकरा तासांचा हा आरडाओरडा? नाही. आधी पाचवा गिअर बसवतो, मग निघू."

म्हणजे मी बाहेर, मित्रांनो. माझ्या जागी दुसरा. त्या दिवसापासून मी त्या दुसऱ्याच्या वाइटावर टपलो.

मला फार काही करावं लागलं नाही. ऑर्विलने कॅटलॉग मागवले. एक गिअरबॉक्स दणकट होता, पण त्यासाठी गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागणार होता. "पत्र्याला हात लावणार नाही," ऑर्विल म्हणाला. दुसऱ्याचा गिअर बदलायचा दांडा मूळ जागेच्या दोन इंच मागे येत होता. तिसरा आपोआप गिअर बदलणारा. त्याने ऑर्विलच्या दुखऱ्या गुडघ्याला आराम मिळाला असता, पण क्लचशिवाय ही गाडी चालवणं त्याला कमीपणाचं वाटलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. प्रत्येक फुलीला मला गुदगुल्या होत होत्या.

कारखान्यातला त्याचा जुना सोबती लोवेल एकदा कॉफीचा कप घेऊन आला. "अरे बाबा, एवढा घोळ कशाला? मागच्या आसाचे गिअर बदल. सकाळी हात घातलास तर संध्याकाळी मोकळा. इंजिन गप्प."

"आणि सिग्नलवरून गाडी गाभण गाईसारखी उठेल, त्याचं काय?"

"तुला शर्यत जिंकायचीय की बायकोला बहिणीकडे न्यायचंय?"

"दोन्ही नीट व्हायला हवं," ऑर्विल म्हणाला. लोवेलने मान हलवली आणि उरलेली कॉफी पिऊन टाकली.

हिवाळाभर आर्डिथ अंगात कोट घालून गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीवर बसायची. तिला धाप लागायची, ती मला खालून ऐकू यायची. दर रविवारी ती नदीनला फोन करून एवढंच सांगायची, "निघतोच आहोत गं. याचं एकदा ठरू दे."

"अरे, आवाज चालेल मला," ती एक दिवस म्हणाली. "तीस वर्षं त्या कारखान्यात काढली मी. कानात कापूस घालीन."

"कानाचं नाही, तुझ्या हृदयाचं बोलतोय मी."

"हृदय माझं आहे ना? मग मला विचार की."

"थोडा धीर धर, आर्डी. एकदाच करायचं, पण चोख करायचं."

"मी काय तुझ्या कारखान्याच्या पट्ट्यावरचा डबा आहे का रे?" ती हसून म्हणाली. त्या हसण्यात पूर्वीचा दम नव्हता. मला ते कळलं होतं, तरी मी मनातून ऑर्विलच्याच बाजूने होतो.

मार्चमध्ये एकदाचा एक पसंत पडला. पत्रा कापायला नको, दांडा जागच्या जागी. एप्रिलमध्ये तो पेटीतून आला. नवाकोरा, चकचकीत. ऑर्विलने त्याला बाकावर ठेवलं, केसाएवढी हालचालही दाखवणारं काट्याचं मापक लावलं आणि त्याचा आतला फिरता शाफ्ट मागेपुढे हलवून पाहिला. पुन्हा मोजलं. पुन्हा. केसभर ढिलेपणा जास्त होता.

"परत पाठवतो," तो म्हणाला.

आर्डिथने खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि ती घरात गेली. मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. बदली गिअरबॉक्स यायला तीन आठवडे लागणार होते.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास, बटाटे सोलता सोलता आर्डिथ गेली.

नवऱ्याला शेजारणीवर सोपवून नदीन आली. कुणाच्या तरी खडखडत्या मालट्रकमध्ये बसून, अकरा तासांचा प्रवास करून. दफन झाल्यावर ती गॅरेजमध्ये आली आणि हिरव्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

"ऑर्विल, सप्टेंबरपासून तुम्ही कशासाठी थांबला होतात?"

"मनासारखा गिअरबॉक्स मिळत नव्हता," तो म्हणाला.

"फोनवर आम्ही हवापाण्याचंच बोललो रे. बाकीचं सगळं समोर बसून बोलायचं म्हणून ठेवलं होतं. आईच्या वेळी चूक माझी होती. तेवढंच सांगायचं होतं मला तिला."

नदीनने शिव्या दिल्या असत्या तर ऑर्विलला बरं वाटलं असतं.

बदली गिअरबॉक्स सांगितल्या दिवशी आला. ऑर्विलने पेटी फोडली नाही. तो गाडीखाली शिरला, बोल्ट सोडवले आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर काढून बाकावर ठेवलं. मला वाटलं, पुसायला काढलं असेल. त्याने तेच काट्याचं मापक माझ्या शाफ्टला लावलं. हलवलं. काटा सरकत गेला. परत पाठवलेल्या त्या नव्या गिअरबॉक्सच्या दुप्पट ढिलेपणा माझ्यात निघाला. त्याने पुन्हा मोजलं नाही. मापक हातात धरून तो बाकापाशीच खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

मी अजून त्याच बाकावर आहे. मला पुसा, तेल द्या, गंजू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. तसलं काही मला नको. मित्रांनो, तुमचं माणूस चल म्हणालं तर आहे त्या गाडीने निघा. मी खिळखिळा होतो, रस्ताभर ओरडलो असतो, पण आर्डिथला मी बहिणीच्या दारात नेऊन पोचवलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि अस्सलपणाच्या तोऱ्यात, माझी जागा वाचतेय म्हणून, मी खूश होतो.