अर्थ दुसरा, पेन्सिलीने

अक्सोरिअस (विशेषण). इंग्रजीतही क्वचितच भेटणारा शब्द. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मात्र तो सकाळपासून ठाण मांडून बसला होता, कारण तो भाऊंच्या वाट्याला आला होता.

मूळ : लॅटिनमधला 'बायको' हा शब्द. बायकोचं, बायकोसंबंधी, असा एक साधा अर्थ तिथे होता. चारेकशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला तो टोमणा होऊन.

अर्थ १ : (उपहासाने) बायकोच्या फाजील आहारी गेलेला. मराठी पर्यायांची ददात नव्हती. बाईलवेडा, बाईलबुद्ध्या, ताटाखालचं मांजर. पर्याय सुचवताना सगळे भाऊंकडेच बघत होते. जेवणाच्या सुट्टीत रोज बायकोला फोन करणारे आमच्यात ते एकटेच.

अर्थ २ : (पेन्सिलीने, भाऊंच्या अक्षरात) पत्नीवर जीव असलेला.

इथे गाडं अडलं.

आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा शब्द टेबलावर असेल त्याने अर्थ पक्के होईपर्यंत उठायचं नाही. संपादक बाई एकदा तापाने फणफणत असतानाही उठल्या नव्हत्या, त्यामुळे सवलत मागायची सोय नाही. आणि भाऊंना चार वाजता पोचायचं होतं. वहिनींची बेकरी आहे. पाव पोचवायची गाडी स्वतः चालवता यावी म्हणून त्या परवाना काढत होत्या आणि चारला त्यांची चाचणी होती. चढावर पाय लटपटतात म्हणून आधी नापास झालेल्या. नुसतं मैदानाच्या कुंपणापाशी मला दिसेल असं उभं राहा, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

बाई म्हणाल्या, टोमणा नसलेलं छापील वाक्य दाखवा, दुसरा अर्थ ठेवते. भाऊंनी दुपारपर्यंत कपाटं पालथी घातली. एका नवऱ्याचं कौतुक सापडलं. पान उलटलं, तर पुढच्याच ओळीत त्याची टर.

तीन वाजून गेले. मी समोरच प्रुफं वाचत होतो. म्हटलं, भाऊ, खोडा आणि निघा.

"खोडलं तर तुम्ही ज्याला हसता तोच मी ठरतो."

"ते तुम्ही कधीच ठरलायत," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आपण फक्त नोंद करतो."

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, मग शब्दाकडे. खोडरबर घेतलं. दुसरा अर्थ गेला, चुरा फुंकरीने उडाला. ते उठले.

"उदाहरण राहिलं," बाई म्हणाल्या.

भाऊ दारात थांबले. पिशवी खांद्याला अडकवत शांतपणे म्हणाले, "लिहून घ्या. बायकोचे पाय लटपटू नयेत म्हणून अक्सोरिअस नवरा काम टाकून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला."

बाईंनी लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. म्हणजे ते जिना उतरेपर्यंत.

उदाहरण, पुढे चालू : आठवड्याभराने बेकरीची गाडी कचेरीसमोर येऊन थांबली. स्टीअरिंगवर वहिनी. शेजारी भाऊ, मांडीवर पावाचा ट्रे, एका हाताने ट्रे आणि दुसऱ्याने दाराची मूठ गच्च धरलेली, डोळे मिटलेले. आम्ही सगळे खिडकीत. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

मग त्या टेबलापाशी आल्या. अजून छपाईला न गेलेल्या त्या नोंदीत 'फाजील आहारी गेलेला' यातलं 'फाजील' त्यांनी पेन्सिलीने कंसात टाकलं, म्हणजे हवं तर वाचायचं, नको तर गाळायचं.

"आता पुढचा शब्द," म्हणाल्या. "आणि भाऊंना डोळे उघडायला वेळ द्या."