लाल शेरा

नोकरीच्या चौदा वर्षांत ताईंनी लोकांना सावध करणारी ढीगभर पत्रं लिहिली होती, आणि त्यातली निम्मी कुणी उघडूनही पाहिली नसावीत असा त्यांचा अंदाज होता. शास्त्रज्ञांची आकडेमोड करणारी चाळीसेक मोठी संगणक केंद्रं होती; त्यातल्या एकाची राखण ताईंकडे होती. एकाकडे घुसखोरी झाली की त्यानं बाकीच्यांना कळवायचं, एवढाच रिवाज. पण शास्त्रज्ञ मंडळी ताऱ्यांचं वय बिनचूक सांगतील आणि स्वतःचा पासवर्ड टेबलावर चिकटवून ठेवतील. "तुझी पत्रं वाचतं तरी कोण गं?" असं सासूबाई विचारत, तेव्हा ताई विषय बदलत.

त्या गुरुवारी पुन्हा पत्र लिहिणं आलंच. एका प्राध्यापकांची संगणकात शिरायची चावी, म्हणजे एक छोटीशी फाइल, कुणीतरी लांबवली होती. नऊ दिवस तो चोर ताईंच्या केंद्रात घरच्यासारखा वावरत होता. प्राध्यापक आणखी पाच केंद्रांत तीच चावी वापरत. "इतक्या चाव्या कोण सांभाळणार?" असं वर त्यांनीच विचारलं.

संचालकांनी मसुदा वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्या पाच जणांना पाठवा. पण लाल शेरा मारून. आपली अब्रू चव्हाट्यावर नको."

लाल शेरा मारलेलं पत्र ज्याच्या नावानं येतं त्यानंच वाचायचं. शेजारच्या टेबलावरही सांगायचं नाही. शेरा उतरवायचा अधिकार फक्त पाठवणाऱ्याला. इथे तो मारणं म्हणजे आग लागल्याचं एकाच्याच कानात सांगण्यासारखं होतं. ताईंना हे कळत होतं. भांडायला हवं होतं. पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून त्या "बरं" म्हणून मोकळ्या झाल्या.

पाचांपैकी एक होते मास्तर. ताईंना हे काम हाताला धरून शिकवणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांनी पत्र वाचलं ते दवाखान्यातल्या बाकावर; आत बायकोचं ऑपरेशन चालू होतं. चावी बंद करायला केंद्रात जायला हवं होतं, आणि हाताखालच्यांना सांगायचं तर शेरा आडवा येत होता. सोमवारी बघू, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी चोर शिरला आणि हिमनद्यांची सहा वर्षांची मोजमापं पुसून गेला.

मास्तरांवर चौकशी समिती बसल्याचं कळलं, तसा ताईंनी फोन लावला.

"मास्तर, समितीला माझं पत्र दाखवा. तुमचे हात बांधलेले होते, हे तरी दिसेल त्यांना."

"लाल आहे ना ते. कसं दाखवू?"

"अहो, नोकरी जाईल तुमची!"

"जाईल. ही बरी आहे आता, उठून बसते."

ताईंना रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला, तो स्वतःच्या त्या "बरं"चा. या वेळी त्यांनी संचालकांना विचारलंच नाही. एकूण एक केंद्राला लिहिलं: आपल्या केंद्राचं नाव, चोरलेली चावी, नऊ दिवस, सगळं. खाली लिहिलं, "लाल शेरा मारणं ही चूक होती आणि ती माझी. तो मी काढते आहे. पत्र कुणालाही दाखवावं."

"कुणाला विचारून पाठवलंत?" संचालक कडाडले.

"कुणालाच नाही," ताई म्हणाल्या, आणि मेमो घेऊन जागेवर येऊन बसल्या. तासाभरात दोन केंद्रांची उत्तरं आली होती. तो चोर त्यांच्याकडेही येऊन गेला होता. लाजेनं कुणी बोललं नव्हतं.

आठवड्यानं मास्तरांचा फोन आला. "सोडलं गं समितीनं. वाचली नोकरी." आवाजात आनंद नव्हता. "एक विचारू? खरं सांग. त्या बाकावर माझ्या जागी तू असतीस, तर सांगितलं असतंस कुणाला?"

हो म्हणायला काय जात होतं! पण मास्तरांशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही, मास्तर."

"नाहीच," ते म्हणाले. "मीच तर शिकवलं तुला."