मुक्कामाची गाडी

"कुठं?" हिरामणने सवयीने विचारलं आणि तिकिटाच्या यंत्रावरून नजर वर केली, तर खिडकीशी मीना, त्याची बायको, बसलेली.

"तू? आणि आईपाशी कोण?"

"पिंकी आलीय सासरहून. तिला आजीपाशी बसवलंय." मीनाने त्याच्याकडे बघितलं नाही. "शेवटपर्यंतचं द्या. बायकांचं अर्धं."

त्याने तिकीट काढून दिलं.

नाशिकहून पेठच्या डोंगरात जाणारी ही संध्याकाळची एसटी. शेवटच्या पाड्यावर मुक्काम करायची आणि सकाळी परत फिरायची. ही ड्युटी कुणालाच नको असायची. हिरामण पगारे मात्र ती मागून घ्यायचा. "पगारेचं तिकडं काहीतरी आहे," असं डेपोत हसत बोलायचे. ते हसणं फिरत फिरत मीनाच्या कानावर आलं. तिने घरात विषय काढला नाही. सासू सखुबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायची, ओलं काढायचं, पुन्हा कूस बदलायची, यातच मीनाच्या रात्री सरत. भांडायलाही अंगात जोर लागतो.

पाड्यावर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर रावजीने तिला झोपायला शाळेचा वर्ग उघडून दिला.

"भाऊ, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "हे इथं कुणाकडं जातात?"

"कुनाकडं नाय, वहिनी. सकाळी त्या भिंतीकडं जातो. तुमीच बगा."

उजाडता उजाडता तिला जाग आली. शाळेच्या मागच्या भिंतीवर रात्रभर जळलेला दिवा अजून चालू होता. त्याच्याखाली हिरामण उकिडवा बसून, श्वास रोखून, फोटोसाठी मोबाइल भिंतीजवळ नेत होता. भिंतभर पतंग बसले होते. हळदीसारखे पिवळे, विटकरी, काही वाळक्या पानासारखे. एकाच्या पंखांवर डोळे काढल्यासारखे गोल. मधोमध तळहाताएवढा एक फिकट हिरवा, मागे दोन लांब शेपट्या.

"बघ, बघ," तो कुजबुजला. "हा क्वचितच येतो. याला तोंडच नसतं. खात नाही, पीत नाही. थोडे दिवस जगतो न् संपतो."

त्याचा असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"छान आहे," ती म्हणाली. खरोखरच छान होता. "कधीपासून करताय हे?"

"आई पडली त्या पावसाळ्यापासून."

मीना तिथेच पायरीवर बसली.

"बाई असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "चार शिव्या घातल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या. ह्या पाखरांना मी काय बोलू?"

"मीना, दिवसभर गाडीत गर्दी. घरी आलो की आईचं कण्हणं. इथं तासभर कुणी माझ्याकडं काही मागत नाही गं."

"आणि मला कुठं आहे असा तास?"

ती ओरडली नाही. त्याने मोबाइल खिशात घातला. उजेड वाढला तसा एक बुलबुल आला आणि भिंतीवरचे पतंग टिपू लागला. खाली फरशीवर पिवळा पंख गळून पडला. हिरामण नुसता बघत राहिला.

"बघत काय राहता? खातोय ना तो!" मीनाने उठून पदर झटकला. बुलबुल उडाला. मग ती तोंड धुवायला हापशाकडे गेली.

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून नाशिक येईपर्यंत झोपली. चढणाऱ्या माणसांना हिरामणने तिच्या शेजारी बसू दिलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने साहेबांना भेटून दिंडोरीच्या दिवसाच्या फेऱ्या मागून घेतल्या. "काय पगारे, तिकडचं संपलं वाटतं?" डेपोत कुणीतरी विचारलं. "संपलं," तो म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला.

आईची कूस कशी बदलायची, ते मीनाने त्याला शिकवलं. खांद्याखाली हात, मग कमरेखाली, मग एकदम. पहिल्या वेळी सखुबाई कळवळली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीनाने त्याची समजूत काढली नाही. "रोज होतं," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मीनाला जाग आली तेव्हा ऊन घरात आलं होतं. ती दचकून आतल्या खोलीत धावली. सासू कोरड्या चादरीवर कुशीला झोपली होती, पाठीला पावडर लावलेली. खाटेच्या पायाला टेकून हिरामण बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, हात आईच्या अंगावर.

मीनाने कुणालाच उठवलं नाही. पंचवटीची गल्ली नुकती जागी होत होती. ती बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली, केस मोकळे, दोन्ही हात मांडीवर रिकामे.

समोरून भाजीची गाडी गेली. तिने ती जाऊ दिली.