केंड्राने मागे न घेतलेलं अर्धं बोलणं

या, असे जवळ या. मागच्या बाकावर बसून गोष्ट ऐकायची नसते, तिथे नुसता हातपंख्यांचा आवाज येतो. इथे माझ्या शेजारी जागा आहे. आमच्या केंड्रा टॉलिव्हरची हकीकत सांगते तुम्हाला. ती निवडणूक हरली हे तुमच्या कानावर आलंच असेल. कशाने हरली, तेही आलं असेल. पण हरल्यावर काय झालं ते कुणी नीट सांगत नाही, कारण ज्याला त्याला कुठली तरी बाजू घ्यायची असते. माझा जीव तिच्यावरही आहे आणि ती ज्यांच्याशी लढली त्यांच्यावरही, म्हणून मी सांगते.

अलाबामाच्या या काळ्या मातीच्या पट्ट्यात एकाच पक्षाचं चालतं. त्यामुळे नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं. खरी लढत उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, पक्षातल्या पक्षात. तिला प्रायमरी म्हणतात. ती जो जिंकेल तो आमदार. आमचे थॅडिअस ग्रूम्स, आम्हा सगळ्यांचे थॅडभाऊ, ती अशी चार वेळा जिंकलेले. धंदा वडिलोपार्जित, अंत्यविधीचा. आमच्यात कुणी देवाघरी गेलं की पहिला फोन पाळकबुवांना आणि दुसरा थॅडभाऊंना. काळा कोट, पांढरे हातमोजे, आवाज इतका मऊ की रडणाऱ्याला वाटावं हे आपल्याबरोबरच रडताहेत.

गेल्या वर्षी त्यांच्यासमोर केंड्रा उभी राहिली. जिल्ह्याचं रुग्णालय होतं तेव्हा ती तिथे नर्स होती. ते बंद पडलं. वाढली बर्मिंगहॅमला, इथे आली आईच्या माहेरी म्हणून. पोरगी हुशार, कष्टाळू, पण जिभेला लगाम नाही. मे महिन्यात बेसबॉलच्या मैदानावर तिच्या सभेला तळलेल्या माशांचं जेवण होतं. पोरं जमली होती, टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्यांच्या भरात ती बोलून गेली:

“या जिल्ह्यात रुग्णवाहिकेच्या आधी शववाहिका पोचते! आणि शववाहिका ज्याची, तोच आपला आमदार. मग तो कशाला घाई करेल?”

पोरं खदखदून हसली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात तेच.

आम्ही म्हातारी माणसं मात्र हसलो नाही. का, ते ऐका. आमच्या तरुणपणी गोऱ्यांच्या रुग्णालयाची गाडी काळ्या माणसाच्या दाराशी यायची नाही. मेला तरी यायची नाही. तेव्हा थॅडभाऊंच्या वडिलांनी, एनॉस ग्रूम्सनी, आपल्या शववाहिकेत एक खाट बसवली आणि टपावर ठेवायला लाल दिवा आणला. सकाळी त्याच गाडीतून मयत जायची आणि दुपारी बाळंतीण. माझा थोरला अडला तेव्हा मला त्याच गाडीत घातलं. मी कळांनी तळमळतेय, उशाशी माझी आई, आणि गाडी चालवतोय थॅड. मिसरूड फुटलं नव्हतं त्याला अजून. माझं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून तो सबंध वाटभर मोठमोठ्याने स्तोत्रं गात होता. एकही सुरात नाही! पण पोचवलं त्याने आम्हाला. माझ्यासारख्या कितीतरी बायका आहेत इथे. त्या गाडीला कुणी हसलं की आम्हाला आमच्या आईला हसल्यासारखं वाटतं.

केंड्रा हरली. थोडक्यात नाही, चांगली आपटली. ब्यूटी पार्लरात बायका केस करून घेता घेता तिचा निकाल लावत होत्या. “आता बसू दे बर्मिंगहॅमला जाऊन,” एक म्हणाली. “कशाला? इथेच बसू दे की. शववाहिका लवकर येते ना इथे!” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

केंड्राने चर्चला येणं सोडलं.

मग ऑगस्टात डीकन पर्व्हिस हेल माझ्या ओसरीवर आले. पर्व्हिस आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे कारभार बघणारे पंच, आणि पक्षाच्या जिल्हा समितीचे अध्यक्षही. दोन टोप्या, पण डोकं एकच असल्याने कधी कुठली घातलीय ते त्यांचं त्यांनाच कळत नाही.

“व्हर्डेलबाई,” ते म्हणाले, “थॅडची ही शेवटची खेप. तो पुन्हा उभा राहायचा नाही. पुढच्या वेळी समिती ज्याच्या पाठीशी, तो आमदार. पोरगी कामाची आहे, मला दिसतं ते. घरवापसीच्या रविवारी, परगावी गेलेली आपली माणसं चर्चला येतात तेव्हा, सगळ्या मंडळीसमोर, थॅडसमोर, तिने ते बोलणं मागे घ्यावं. सगळं. एक अक्षर मागे ठेवायचं नाही. मग पुढे तिचा रस्ता मोकळा.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर माझ्या हयातीत तिने पुन्हा अर्ज भरू नये. भरला तर मी तिला शाळेच्या समितीवरसुद्धा येऊ देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी केंड्राला बोलावून घेतलं. मी चवळीच्या शेंगा सोलत बसले होते.

“मावशी, पर्व्हिसकाकांचा निरोप आहे ना? तुमच्या तोंडावर दिसतंय.”

“आधी बस. शेंगा घे. रिकाम्या हातांनी राजकारण बोललं की भांडण होतं.”

मी निरोप सांगितला. आणि मग मी तिला ती गाडी सांगितली. खाट, लाल दिवा, बेसूर स्तोत्रं, सगळं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मला हे कुणी सांगितलं कसं नाही?”

“तू विचारलंस कुणाला? आणि आम्ही तरी ते कुठे सांगत बसतो? वाईट दिवसांच्या गोष्टी. लेकरांना काय सांगायच्या.”

“म्हणजे मी त्या माणसाला म्हटलं, की तुम्ही आमच्या मरणाची वाट बघता…”

“हो बाळा. तेच म्हटलंस तू.”

तिने हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, “पण मावशी, रूफस ओडम कापसाच्या गिरणीत काम करता करता कोसळला तेव्हा मी तिथे होते. हात भरून येईपर्यंत त्याची छाती दाबत होते. कुणीतरी आशा सोडून थॅडभाऊंना फोन केला. त्यांची गाडी आधी आली. ते उतरले, टोपी काढली आणि थांबून राहिले. त्यानंतर आली रुग्णवाहिका, शेजारच्या जिल्ह्यातून, तोवर रूफस गेला होता. हे मी देवाच्या घरात उभी राहून मागे कसं घेऊ?”

“मी काय सांगू? मी चर्चच्या दाराशी उभी राहून लोकांना जागा दाखवणारी बाई. तुझी जागा तूच शोध.”

घरवापसीचा रविवार आला. डेट्रॉइट, शिकागोला गेलेली आमची माणसं लेकरंबाळं घेऊन आली होती. बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. तिसऱ्या बाकावर थॅडभाऊ, मांडीवर टोपी. सगळ्यात मागे केंड्रा.

पाळकबुवा व्हिटफील्ड निरूपणाला उभे राहिले. आख्यान होतं वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाचं आणि त्याला उचलून नेणाऱ्या परक्या प्रवाशाचं. सुरुवातीला बुवा साधंच बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग आवाजाला हळूच सूर लागतो, मागून ऑर्गन त्या सुराचा पदर धरतो, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं ते देवालाच ठाऊक. त्या दिवशी बुवांना भलताच माणूस सापडला. माणूस कसला, गाढव!

“प्रवाशाचं नाव सगळे घेता…”
“हो बुवा!”
“…पण त्याच्या गाढवाला कुणी आठवता?”
“सांगा बुवा!”
“त्याच्या पाठीवर माल होता, ते म्हणालं नाही, जागा नाही!”
“नाही म्हणालं!”
“काल त्याने काय वाहिलं, कुणी पुसलं नाही!”
“नाही पुसलं!”
“आज जखमी चढला, आणि ते चाललं!”
“चाललं!”
“देवा, मला पाठ दे! मला पाठ दे! मोठं नाव नको, मला पाठ दे!”

काय सांगू तुम्हाला! ऑर्गन रडत होता, हातातले पंखे थांबले होते, शिकागोहून आलेली माझी भाची उंच टाचांचे जोडे काढून नाचत होती. थॅडभाऊंनी डोळ्यांना रुमाल लावला होता. मी दाराशी उभी, पण माझे पाय कुठे जमिनीवर होते?

सगळं शांत झाल्यावर डीकन हेल उठले. “आपल्या एका बहिणीला मंडळीशी दोन शब्द बोलायचेत.” चेहऱ्यावर असा तजेला, की हे काम झालंच.

केंड्रा पुढे आली. कागद नव्हता. थॅडभाऊंकडे तोंड करून उभी राहिली.

“थॅडभाऊ, तुमच्या गाडीने आमच्या आयाबायांना जिवंत नेलंय, हे मला माहीत नव्हतं. मी ती गाडी हसण्यावारी नेली. आणि तुम्ही घाई कशाला कराल, असं म्हटलं. ते खोटं होतं. खोट्याहून वाईट होतं. तुमच्या वडिलांच्या नावालाही ते लागलं. मी तुमची क्षमा मागते, या सगळ्यांची मागते.”

“आमेन,” पुष्कळ जण म्हणाले. डीकन हेल उठायला लागले.

“माझं संपलं नाही,” केंड्रा म्हणाली. “रुग्णवाहिकेच्या आधी शववाहिका पोचते, हेही मी म्हटलं होतं. ते मी मागे घेत नाही. ते अजून तसंच आहे. मागे घेतलं तर मी इथे उभी राहून खोटं बोलेन.”

आमच्या चर्चमध्ये कुणी बोललं की कुणीतरी ओ देतं, ही रीत आहे. लहान लेकराने प्रार्थना म्हटली तरी देतात. त्या दिवशी कुणी ओ दिली नाही. ऑर्गनही गप्प. ती एवढी लांबलचक बाकं, आणि ती एकटी उभी.

“बाई, हे मागे घेणं झालं नाही,” डीकन हेल म्हणाले. “अर्धी क्षमा कसली मागता?”

तेव्हा पाळकबुवा खाली उतरले. घामाने ओले, आवाज बसलेला. त्यांनी केंड्राचा हात हातात घेतला. “पर्व्हिस, चुकीची माफी पोरीने पुरती मागितलीय. जे चुकीचं नाही, त्याची माफी चर्च मागत नाही. तुमची समिती मागत असेल तर तिची बैठक बाहेर घ्या.” आणि एकेक करून सगळ्यांनी तिच्याशी हात मिळवावा म्हणून ते तसेच थांबले. बरेच जण आले. बरेच आले नाहीत. थॅडभाऊ आले नाहीत. टोपी घेतली आणि बाहेर गेले.

नंतर ओकच्या झाडांखाली पंगत बसली. कोंबडी, पालेभाजी, पीचचा गोड पुडिंगसारखा पदार्थ, सगळं होतं. केंड्राच्या टेबलाशी मी एकटी. मग समोर एक ताट टेकलं. थॅडभाऊ.

“व्हर्डेल, मीठ दे,” ते म्हणाले. खाल्लं थोडं. मग केंड्राकडे न बघताच बोलले. “ती खाट मीच काढली गाडीतून. सरकारची रुग्णवाहिका सुरू झाली त्या वर्षी. आनंदाने काढली. म्हटलं, आता आपल्याकडे नुसतं शेवटचंच काम राहिलं. पुढे रुग्णालय बंद झालं, त्याबरोबर ती रुग्णवाहिकाही गेली, तेव्हा मी आमदार. राजधानीत, माँटगोमेरीला, भाषण केलं, चांगलं झालं. घरी आलो. लोकांना पुरत राहिलो.”

“थॅडभाऊ, मी…”

“मला पुरं करू दे. रूफसच्या वेळी मी टोपी काढून उभा होतो, ते तू बघितलंस. आत काय होत होतं ते तुला दिसलं नाही, आणि दाखवणं माझ्या धंद्यात बसत नाही.”

“मग तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल?”

“नाही.” लगेच म्हणाले ते. “बापाचं नाव मैदानावर हसण्यावारी गेलंय माझ्या. मी काही देव नाही, इतक्यात विसरायला. आणि पर्व्हिसने पुढच्या खेपेला आपल्या पुतण्याचं नाव काढलंय. तुला समितीकडून काही मिळायचं नाही, हे आजच पक्कं समज.” ताट बाजूला सारून ते उठले. “पण नव्या वर्षी अधिवेशन भरलं की मी रुग्णवाहिकेवर बोलणार आहे. वर प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बस. मला लवकर खाली बसायची सवय लागलीय. बसायला लागलो तर खोक.”

“किती जोरात?”

“व्हर्डेल प्रसूतीला ओरडली होती तितक्या जोरात.”

केंड्रा गेली. दोनदा खोकली म्हणतात. शिपायाने पाणी आणून दिलं. पण थॅडभाऊ उभे राहिले, बोलत राहिले, आणि या वसंतात आमच्या जिल्ह्याला एक रुग्णवाहिका मिळाली. एकच, आणि तीही दिवसाउजेडीच. अंधार पडला की पुन्हा शेजारच्या जिल्ह्याकडे डोळे. केंड्रा म्हणते, ही निम्मीच झाली. डीकन हेल म्हणतात, सगळं श्रेय समितीचं.

तिचं पुढे काय? लोक मला विचारतात. समिती पुतण्याच्या मागे आहे. ब्यूटी पार्लरातल्या बायका अजून हसतात, पण हल्ली हसून झाल्यावर तिचा फोन नंबर मागतात, कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर. ती पुन्हा उभी राहणार म्हणते. पुन्हा हरेलही. पुढची प्रायमरी अजून लांब आहे, आणि तोवर लोकांच्या दारोदारी जाऊन ती आधी ऐकून घेते, मग बोलते. हे तिला जड जातं. मी बघते ना, ओठ कसे घट्ट मिटलेले असतात.

आता तुम्ही इथवर ऐकलंत, तर एवढं करा. रविवारी प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घ्याल, प्रवासातल्यांची घ्याल, तेव्हा केंड्रा टॉलिव्हरचंही घ्या. जिंकू दे असं मागू नका, ते देवाचं देव बघेल. खरं बोलताना तिचा पाय डगमगू नये आणि बोलण्याआधी विचारायला ती विसरू नये, एवढंच मागा. आणि नाव मोठ्याने घ्या. तिला ओ देणारं कुणीतरी असू द्या.