भेटायला आलेले

रुख्माबाई माघात गेल्या. तांडापेठेतल्या घरात तेरा दिवस आणि पुढं महिनाभर माणसं भेटायला येत राहिली. जो येई तो चटईवर टेकून विचारी, "कसं झालं गा?" आणि मारोतराव पहिल्यापासून सांगत, पोटात दुखायला लागलं तिथून. चुलतभाऊ वामनरावांशी एका भिंतीवरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तेही आले, त्यांनीही विचारलं, त्यांनाही सगळं सांगितलं. अशा वेळी कोण आलं ते पाहायचं नसतं.

मग माणसं यायची थांबली. मोबाइलवर मात्र येत राहिली.

मोबाइल रुख्माबाईंचा. त्यावर त्यांचं स्वयंपाकाचं पेज होतं, मुलगी काजलनं काढून दिलेलं. एक्केचाळीस व्हिडिओ. मारोतराव रोज सकाळी चहा घेऊन त्यातला एक लावत आणि खाली लोकांनी काय लिहिलं ते वाचत. चैत्रात एका मोनालीनं लिहिलं होतं, "नमस्कार ताई, तब्येत कशी आहे? वजनाचा त्रास होतो का? मोकळेपणाने सांगा."

पोरगी चांगली दिसते, मारोतरावांना वाटलं. एका बोटानं टाइप करायला त्यांना अर्धा तास लागला. त्यांनी लिहिलं की रुख्मा आता नाही. वजनाचं विचारलं तर शेवटी अडतीस किलो होतं. दवाखान्यात तिला उचलून काट्यावर उभं केलं तेव्हा काटा चाळिसापर्यंतही गेला नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

लगेच उत्तर आलं, "अभिनंदन! असाच अनुभव हजारो लोकांना आला आहे."

मारोतराव त्या ओळीकडे पाहत राहिले. चहावर साय धरली.

रविवारी काजल वाडीहून आली. तिनं ते वाचलं, आधी हसली, मग पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"बाबा, तुम्ही याले काहून सांगून राहिले?"

"विचारलं तिनं."

"तिनं नाही विचारलं. मोनाली-फोनाली कोणी नाही तिथं. मशीन आहे, वजन उतरवायचं औषध विकणाऱ्याचं. हेच लाख लोकांले गेलं असन. पेपरात जाहिरातीचा कागद येते न, तसं. फेकून द्यायचं."

"मग माहं उत्तर कोणी वाचलं?"

"कोणी नाही."

काजल बोटानं खाली खाली सरकवत गेली आणि थांबली. तिचा चेहरा बदलला.

"आन् हा? हा कोण मेला?"

'भूपेश वाडीवाला' नावाच्या कोणीतरी सहा ठिकाणी लिहिलं होतं. किती बोलते ही म्हातारी, मीठ टाकायला दहा मिनिटं. वाकड्या बोटांनी कालवते, पाहून किळस येते. आणि गोळाभाताच्या व्हिडिओखाली, बारा दिवसांपूर्वी: "नवीन काही नाही? मेली का म्हातारी?"

मारोतरावांनी ते सगळं आधीच वाचलं होतं. पण कोणाला सांगितलं नव्हतं. बोटांचं वाचलं त्या दिवशी ते जेवले नव्हते. उमरेडला घरात माग होता तेव्हा तीस वर्षं रुख्माबाईंनी कांड्या भरल्या. सूत गुंडाळता गुंडाळता बोटं वाकली ती वाकलीच.

"हे बी मशीनच आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हा माणूस आहे. यानं पूर्ण पाहून लिहिलं आहे." काजलनं मोबाइल उलटा ठेवला. "मी पेजच बंद करते. व्हिडिओ उतरवून देते तुमच्या मोबाइलमधी, पाहत राहा. पण आईले कोणी असं बोलन अन् मी वाचीन, हे मले नाही होत."

"बंद केलं तर मंग कोणीच येणार नाही."

"कोण येऊन राहिलं तसंही?"

मारोतरावांसाठी तेवढं एक दार उघडं होतं, जिथून रुख्मा "या मंडळी, बसा" म्हणायची आणि कोणीतरी खरंच बसायचं. ते म्हणाले, "आठ दिवस थांब वं."

काजल गेल्यावर त्यांनी भूपेशला लिहायला घेतलं. पहिल्यांदा शिवी लिहिली, चांगली घसघशीत, आणि पुसली. मग तो प्रश्न परत वाचला. वाईट तोंडानं विचारलं होतं, पण विचारलं होतं. त्यांनी लिहिलं:

"हो, गेली. माघात. आतड्याचा आजार होता. सहा महिने दवाखाना केला. बोटं कांड्या भरून वाकली होती, दुखायची पण. तरी तिनं कधी स्वयंपाक दुसऱ्यावर टाकला नाही. बोलायची हळू, हे खरं आहे. मी पण तिला म्हणायचो. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. मारोतराव."

संध्याकाळी काजलचा फोन आला. "त्याले 'तुम्ही' काहून लिहिलं बाबा? कोण लागते तो?"

"घरी भेटायले आलेल्याले अरे-तुरे करत असतेत का?"

"तो भेटायले आला होता?"

"आता पाहू," मारोतराव म्हणाले.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भूपेशचं लिहिलेलं सापडेना. मारोतरावांनी चष्मा पुसून एक एक व्हिडिओ पाहिला. सहाही ठिकाणचं गेलं होतं. पाचव्या दिवशी मात्र गोळाभाताखाली नवीन ओळ होती.

"काका, मी गोदामात कामाला आहे, खोलीवर एकटा राहतो. हा भात चार वेळा केला. गोळे फुटतात, सगळं पिठलं होते. रागात लिहून गेलो."

माफीचा शब्द त्यात नव्हता. मारोतरावांनी शोधलाही नाही. त्यांना गोळ्याचीच काळजी लागली, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ताटात आलेले गोळे कुस्करून वर गरम तेल घेतलं, एवढाच त्यांचा संबंध. त्यांनी व्हिडिओ लावला आणि मधलं काही न गाळता ऐकत बसले. भरडा कोणत्या डाळीचा, तो घट्टच कसा मळायचा, मग शेजारणीच्या सुनेची गोष्ट, मग मिठाचं. मग भातावर गोळे ठेवून रुख्माबाई म्हणाल्या, "आता झाकण ठेवायचं आन् हात लावायचा नाही. मनात येईन, पाहावं जरासं. नाही पाहायचं. हालवलं का फुटते."

मारोतरावांनी मोबाइलवरचे आकडे पाहिले आणि लिहिलं, "तिनं नवव्या मिनिटाला सांगितलं आहे. तुम्ही पुढं ढकलून पाहत असाल. पूर्ण ऐका."

त्याच्याखाली मोनाली पुन्हा आली होती. नमस्कार ताई, तब्येत कशी आहे? मारोतरावांनी काजलनं शिकवलं होतं तसं पुसायचं बटण दाबलं. ती गेली.

रविवारी काजल दारातच म्हणाली, "आठ दिवस झाले बाबा. बंद करू?"

"राहू दे," ते म्हणाले. "त्याचे गोळे कसे झाले, ते समजायचं आहे."